पुळण भरपूर, पण उपग्रहाच्या मापाची नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोकणात एवढी पुळण असताना उपग्रहांचे कॅमेरे तपासायला लिबियाचे वाळवंट कशाला, असा प्रश्न आपल्या अंकात एका वाचकाने विचारला होता. प्रश्न रास्त आहे, पण नुसती वाळू असून भागत नाही.

कक्षेत गेल्यावर संवेदक, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा भाग, हळूहळू मंदावतो. अतिनील किरण आणि आरशा-भिंगांवर बसणारा थर यांचा फटका निळ्या पट्ट्याला, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या मापाला, जास्त बसतो. यानावर तपासणीचे दिवे असतात, सूर्यप्रकाश पसरवणारा पांढरा फलक असतो. पण तेही जुने होतातच. म्हणून बाहेरचे, वर्षानुवर्षे न बदलणारे माप लागते. लिबिया-4 हे असे स्थळ 28.5 अंश उत्तर, 23.4 अंश पूर्वेला आहे. तिथे झाडझाडोरा नाही, पाऊस नावापुरता, ढग कमी आणि वाळू शेकडो चौरस किलोमीटर एकसारखी.

काम असे चालते. आधी ढगांची आणि धुळीची चित्रे बाजूला काढतात. उरलेल्या चित्रांत ठरलेल्या चौकोनातील सगळ्या पिक्सेलची सरासरी घेऊन तिचे परावर्तनात, म्हणजे पडलेल्यापैकी किती प्रकाश जमिनीने परत फेकला त्या प्रमाणात, रूपांतर करतात. त्यात सूर्याचे अंतर धरावेच लागते, कारण जानेवारी आणि जुलैत मिळणाऱ्या प्रकाशात सुमारे 7 टक्के फरक असतो. मग सूर्याचा आणि कॅमेऱ्याचा कोन यांचा हिशेब. खरी गोची इथेच होते: हिवाळ्यात सूर्य खाली असला की वाळूच्या टेकड्यांच्या सावल्या वाढतात आणि वाळवंट उगाच काळवंडल्यासारखे दिसते. हा चढउतार वजा केल्यावर जी उतरती रेघ उरते, ती संवेदकाची झीज. अमेरिकेच्या लँडसॅट-5 उपग्रहावरील थिमॅटिक मॅपर या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, 2007 मध्ये सुधारले, ते अशाच वाळवंटी स्थळांच्या निरीक्षणांवरून.

आता आपली पुळण. लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा, समुद्र पाहणाऱ्या इस्रोच्या ओशनसॅटच्या कॅमेऱ्याचा सुमारे 360 मीटरचा. आपल्या बऱ्याच किनाऱ्यांची रुंदी 360 मीटरही भरत नाही, त्यामुळे एकाच पिक्सेलमध्ये लाट, वाळू आणि माडाची रांग येते. शिवाय शेजारच्या समुद्राचा आणि झाडांचा उजेड हवेत विखुरून वाळूच्या मापात मिसळतो. ओहोटीनंतरची ओली वाळू कोरडीपेक्षा कितीतरी काळी दिसते, म्हणजे भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे माप बदलणार! रत्नागिरीत तर काळा समुद्र आणि पांढरा समुद्र हाकेच्या अंतरावर. कातळाचे सडे रुंदीला बरे, पण पहिल्या पावसानंतर त्यांच्यावर गवत येते, दिवाळीनंतर ते वाळते आणि ऐन पावसाळ्यात ढग हटत नाहीत.

एक गोष्ट मात्र समुद्राच्या बाजूची. समुद्राच्या पाण्याचा रंग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांना वाळवंट पुरत नाही. यानापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून वर आलेला वाटा साधारण दहा टक्के; बाकीचा बहुतेक हवेचाच. म्हणजे कॅलिब्रेशन एक टक्का चुकले, तर पाण्याच्या संकेतात दहा टक्के चूक येऊ शकते. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींच्या हरितद्रव्याचे आकडे त्याच संकेतावरून निघतात आणि आपल्या मच्छीमारांना मिळणाऱ्या संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचनांत ते वापरतात. म्हणून तिथे स्वच्छ, खोल समुद्रातली मोजणी लागते. अमेरिकेने 1997 पासून हवाईजवळ त्यासाठी मोजणीचा तरंगता बोया ठेवला आहे. इस्रोने ओशनसॅटसाठी लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ मोजणी केली. आपल्या किनाऱ्यालगतचे गढूळ पाणी याला चालणार नाही, कारण खाड्यांचा गाळ रोज वेगळा.

जाता जाता एक विनंती. कोकणातील हिरवाई घटल्याचे 'तेव्हा आणि आता' नकाशे आपण छापता, तेव्हा चित्रे कोणत्या उपग्रहाची आणि कॅलिब्रेशन सुधारलेल्या आवृत्तीतील आहेत का, ते खाली नोंदवावे. हिरवाई मोजायला वापरतात तो, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त पट्टा लँडसॅट-5 चा 0.76 ते 0.90 मायक्रोमीटर, तर लँडसॅट-8 चा 0.85 ते 0.88. रुंद पट्ट्यात हवेतील बाष्प प्रकाश शोषते तो भाग येतो, अरुंद पट्ट्यात तो टाळला आहे. दमट कोकणात ही दुरुस्ती न करता दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तर एक पानही न तोडता आंब्याची बाग नकाशावर वेगळी दिसेल.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी