चमकणाऱ्या गाठींना सुई लावून बघणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

दादाची फाईल घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा आमची आशा संपलेली होती. उजव्या फुप्फुसात 2.6 सेंटीमीटरची गाठ. पेट-स्कॅनमध्ये (यात शिरेतून दिलेली किरणोत्सर्गी साखर जिथे ओढली जाते, ती जागा चमकते) श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी चमकत होत्या. डावीकडच्याही चमकल्या म्हणजे एन-३, म्हणजे कॅन्सर पलीकडच्या बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचलेला, म्हणजे तिसरी स्टेज, म्हणजे ऑपरेशन नाही, असा हिशोब आम्हाला आधीच ऐकवला गेला होता.

तुम्ही रिपोर्ट बाजूला ठेवून स्वतः स्कॅन पाहिलात आणि म्हणालात, "इथे कुणीतरी साखर खातंय एवढंच दिसतं. कोण खातंय, ते नाही दिसत." कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज ओढतात, तशाच टीबीच्या किंवा साध्या सुजेच्या गाठीही ओढतात, हे तेव्हा कळलं. सीटी-स्कॅन तर नुसतं आकारमान मोजतो. आखूड बाजूने 1 सेंटीमीटरच्या वर गेली की ग्रंथी संशयित. पण मोठी ग्रंथी निर्दोष असू शकते आणि छोटीत कॅन्सर लपलेला असू शकतो. मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे पेटमध्ये तो कायम उजळलेलाच, तिथे कॅन्सर पोचला असला तरी नीट कळत नाही. म्हणून त्याचा एमआरआय वेगळा करायला लावलात.

मग ईबस. टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण श्वासनलिकेत घालून, तिच्या भिंतीतून सुईने ग्रंथीतल्या पेशी काढायच्या. तुम्ही डावीकडून सुरुवात करणार म्हणालात, तेव्हा मी आगाऊपणे विचारलं होतं, "कॅन्सर तर उजवीकडे आहे ना?" तुम्ही वैतागला नाहीत. "उजवीकडची पेशी सुईला चिकटून डावीकडे गेली, तर आपणच त्याची स्टेज वाढवून ठेवू. म्हणून आधी सगळ्यात लांबची ग्रंथी." हे उत्तर मी तेव्हापासून किती जणांना सांगितलंय, त्याला गणती नाही.

सगळ्या नमुन्यांत ग्रॅन्युलोमा (टीबीसारख्या सुजेत बनणारे पेशींचे पुंजके) निघाले, कॅन्सरची एकही पेशी नाही. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो आणि तुम्ही आम्हाला जमिनीवर आणलंत. "'दिसला नाही' आणि 'नाही' यात फरक आहे. सुई थोडंसंच उचलते." फाईलवर आता पहिली स्टेज लिहिलीत आणि तिच्या आधी एक बारीकसा 'सी' काढलात. हा क्लिनिकल, म्हणजे ऑपरेशनआधीचा अंदाज. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा 'पी' येईल, तो पक्का.

तसंच झालं. सर्जननी फुप्फुसाचा वरचा भाग आणि ग्रंथी काढल्या. छातीच्या मधल्या सगळ्या स्वच्छ. पण फुप्फुसाच्या मुळाशी, एका लहानशा ग्रंथीत, कॅन्सरचा बारीक ठिपका सापडला. कुठल्याच स्कॅनमध्ये तो दिसला नव्हता. पहिली स्टेज दुसरी झाली आणि केमो लागली. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला तुमचाच राग आला. मग तो 'सी' आठवला.

पण तुम्ही सुई लावली नसती, तर दादा टेबलावर पोचलाच नसता. आणि अंदाजाला तुम्ही अंदाज म्हणाला नसतात, तर नंतरचा रिपोर्ट आम्हाला फसवणूक वाटला असता. या दोन्हींसाठी मनापासून आभार.

गेल्या आठवड्यात चौथी केमो झाली. घरी आल्यावर दादाने फाईल मागून घेतली, 'सी'वर काट मारली आणि वर 'पी' लिहिला. अक्षर तुमच्याइतकंच वाईट आहे.

तुमची,
दादाची धाकटी बहीण