हॉबिटांचं 'शायर' जिथून निघालं, ते गाव

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बर्मिंगहॅमहून परत आले. बाबा, फोनवर तुम्ही "गिरणी पाहिलीस का?" एवढंच विचारलंत आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागला. म्हणून सगळं सावकाश लिहिते.

पाहिली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या लहानपणीची सेअरहोलची पाणचक्की अजून उभी आहे. आता ती शहराच्या दक्षिण भागात आली आहे. आजूबाजूला घरं, समोर गाड्यांचा रस्ता. पण आत गेलं की विटांची जुनी इमारत, तिचं उंच धुराडं आणि मागे झाडांनी वेढलेलं तळं. कोल नदीच्या पाण्यावर ती चालायची. आतले दळायचे दगड, लाकडी दातांची चाकं हे सगळं जवळून बघता येतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे जिथे झाले त्या न्यूझीलंडच्या गावाला लोक हौसेनं जातात, पण ते सिनेमासाठी उभारलेलं. मला पुस्तकाच्या मुळाशी जायचं होतं, आणि त्यातल्या शायरचं, म्हणजे बुटक्या हॉबिट लोकांच्या मुलखाचं, मूळ इथे आहे.

टॉल्किन 1896 ते 1900 अशी जेमतेम चार वर्षं गिरणीसमोरच्या एका छोट्या घरात राहिला. तेव्हा हे खेडं होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ हिलरी कुंपणातून गिरणीचं चाक बघत बसायचे. तिथे खतासाठी हाडंही दळली जात. त्या भुकटीनं पांढराफटक झालेला गिरणीवाल्याचा मुलगा अंगावर ओरडायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव 'पांढरा राक्षस' ठेवलं. 'काळा राक्षस' होता एक शेतकरी. अळंबी तोडली म्हणून त्यानं छोट्या टॉल्किनला पिटाळून लावलं होतं. बाबा, पुस्तकातला हॉबिट फ्रोडो आणि मॅगट शेतकऱ्याच्या शेतातली अळंबी आठवली ना? तो भाग सांगताना तुम्ही कुत्र्यांचे आवाज काढायचात.

तळ्यावर एक विलोचं झाड वाकलेलं असायचं. त्यावर पोरं चढायची. एके दिवशी कुणीतरी ते तोडलं आणि तोडून तसंच टाकून दिलं. ही गोष्ट टॉल्किन म्हातारपणीही विसरला नव्हता. पुस्तकाच्या शेवटी हॉबिट घरी परततात तेव्हा झाडं तोडलेली असतात, जुनी गिरणी पाडलेली असते, तिथे तुम्ही वाचता वाचता थांबायचात आणि मला राग यायचा. तळ्याच्या काठी उभी राहिले तेव्हा तुम्ही का थांबायचात ते कळलं. खऱ्या गिरणीचं नशीब मात्र बरं निघालं. तीही मोडकळीला आली होती, पण आसपासच्या लोकांनी ती पाडू दिली नाही. दुरुस्तीसाठी टॉल्किननंही पैसे दिले आणि 1969 साली ती लोकांसाठी उघडली.

आई, तुला हॉबिटांत कधी रस नव्हता, पण त्याची आई तुला नक्की आवडेल. मेबल तिचं नाव. नवरा दक्षिण आफ्रिकेत नोकरीला, ती दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली. 14 फेब्रुवारी 1896 ला चार वर्षांच्या टॉल्किननं दाईकडून वडिलांना पत्र लिहवून घेतलं: मी परत येतोय, मी आता इतका मोठा झालोय की तुम्ही ओळखणारच नाही. ते पत्र गेलंच नाही. वडिलांची प्रकृती बिघडल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हे वाचल्यापासून तुम्हाला हातानं पत्र लिहायचं डोक्यात होतं.

हातात पैसे अगदी थोडे, तरी मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून मेबलनं सेअरहोलचं घर घेतलं. लॅटिन, चित्रकला, झाडंपानं, वळणदार अक्षर, सगळं तिनं घरीच शिकवलं. टॉल्किनच्या अक्षराला वळण लागलं ते तिच्यामुळे. 1904 मध्ये ती मधुमेहानं गेली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. इन्सुलिन यायला अजून बरीच वर्षं होती. आई, म्हणून सांगते, तुझ्या गोळ्या वेळेवर घे. 'आज विसरले' हे मला पुन्हा ऐकायचं नाही.

जवळच मोझलीची दलदल आहे, टॉल्किन भाऊ तिथेही हुंदडायचे. झाडी दाट, जमीन ओली, पण फळ्यांची वाट केलेली आहे. बाबा, काठी घेऊन हळूहळू चाललात तर तुम्हाला जमेल. गिरणीतले जिने मात्र तुमच्या गुडघ्यांना नकोत. तुम्ही खाली तळ्यापाशी बसा, वर काय आहे ते मी आणि आई येऊन सांगू.

पुढच्या मे महिन्यात याच. तेव्हा इथे दिवस मोठा असतो आणि थंडीही सोसवते. दोघांचे पासपोर्ट कधीपर्यंत चालतात ते बघून कळवा, व्हिसाच्या अर्जाचं मी बघते. आणि बाबा, तुमची ती जुनी प्रत पिशवीत टाका. अक्षर बारीक आहे, तिथे मी वाचून दाखवेन.

तुमची,
मनू