सीमा रशियानेच मान्य केल्या होत्या

रशियाच्या प्रभावक्षेत्राविषयीचा आपला अग्रलेख वाचला. सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या देशांच्या सीमा ‘कृत्रिम’ आहेत, हे त्यातील विधान पटले नाही. डिसेंबर १९९१ मध्ये कझाकस्तानातील अल्मा-अता येथे रशियासह ११ प्रजासत्ताकांनी एकमेकांच्या सीमा मान्य केल्या. पुढे १९९४ मध्ये युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडण्याचे कबूल केले, तेव्हा रशिया, अमेरिका व ब्रिटनने बुडापेस्टमध्ये त्याच्या सीमांचा आदर राखण्याची लेखी ग्वाही दिली. रशियाने २०१४ मध्ये ताब्यात घेतलेला क्रायमिया हा द्वीपकल्पही त्या सीमांत होता! नाटोच्या विस्ताराबद्दल मॉस्कोचा आक्षेप समजू शकतो, त्यावर वाटाघाटीही व्हाव्यात. पण स्वतः सही केलेली सीमा २०१४ आणि २०२२ मध्ये सैन्य पाठवून मोडणे, याला ऐतिहासिक हक्क म्हणणे हा त्या छोट्या शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

– एक वाचक, सातारा