टबमधलं बेअरिंग आणि युरोपचे नियम

संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे, तुमचा ई-पेपर रोज वाचते. गेल्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की घर हलेल असा आवाज करायला लागलं. मेकॅनिक म्हणाला बेअरिंग (ज्याच्यावर ड्रम फिरतो ते) गेलंय, पण नुसतं बेअरिंग बदलता येत नाही कारण टबचे, म्हणजे ड्रमभोवतीच्या बाहेरच्या भांड्याचे, दोन भाग कंपनीनेच वितळवून चिकटवलेत, ते उघडतच नाहीत, त्यामुळे ड्रमसकट अख्खा टब घ्या. मजुरी धरून नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर खर्च! मिरजेला आमच्याकडे यायचे ते काका टबचे स्क्रू काढून जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढायचे, नवं बसवायचे, संध्याकाळी मशीन चालू. त्या टबला स्क्रू होते, याला नाहीत, एवढाच फरक.

बरं युरोपात नियम नाहीत असंही नाही. 2005 ला इकोडिझाइनचा, म्हणजे वस्तू मुळातच कमी ऊर्जा खाईल अशी बनवायचा, कायदा आला तो फक्त वीज-गॅस खाणाऱ्या वस्तूंसाठी होता, मग 2009 मध्ये तो वाढवला आणि खिडक्या, नळ, शॉवर अशा स्वतः काही न खाणाऱ्या पण आपलं बिल वाढवणाऱ्या वस्तू पण त्याच्या कक्षेत आल्या. हे मला फार पटलं, कारण गीझर कितीही चांगला घ्या, शॉवरमधून पाणी धो धो जात असेल तर काय उपयोग. 2013 पासून स्टँडबायवर साध्या उपकरणाने अर्ध्या वॅटच्या वर वीज घ्यायची नाही, 2017 पासून व्हॅक्युम क्लीनर 900 वॅटच्या आत. तेव्हा लोक ओरडले की कचरा ओढणारच नाही, आमचा तर व्यवस्थित ओढतो.

2021 पासून वॉशिंग मशीनचे पार्ट, ते मॉडेल बंद झाल्यावरही 10 वर्षं मिळाले पाहिजेत असा नियम झाला. पण त्या यादीत ड्रम आणि बेअरिंग ‘सुटं किंवा एकत्र’ असं लिहिलंय, आणि त्या एका ‘किंवा’मुळे शंभर रुपयाच्या कामाचे हजारो होतात. विजेचं माप नीट घेतलं, उघडण्याचं माप घ्यायचं राहिलं असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 2024 मध्ये हा इकोडिझाइनचा कायदा परत वाढवलाय, आता खाणंपिणं, औषधं असे थोडे अपवाद सोडले तर जवळजवळ सगळ्याच वस्तू येतात, पोलाद, कपडे, फर्निचर, टायर पहिल्या फळीत आहेत आणि वस्तूसोबत डिजिटल पासपोर्ट द्यावा लागणार, म्हणजे माल कशाचा, दुरुस्त कसा करायचा ते त्यात. इचलकरंजीचं कापड वापरून शिवलेला शर्ट इथे विकायचा तर त्याची पण माहिती लागेल, आपल्या कारखानदारांनी आत्तापासून लक्ष घालावं.

आणि माझी मुख्य विनंती आपल्याकडच्या स्टारबद्दल. 2006 पासून उपकरणांवर बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे) स्टार आहेत, युनिट किती जाणार ते कळतं, आई पण दुकानात आधी स्टारच बघते. पण पाच स्टारचं मशीन पाच वर्षांत भंगारात गेलं तर ते बनवायला लागलेलं पोलाद, प्लास्टिक, वीज कुठल्या स्टारमध्ये मोजायची? त्या स्टिकरवर अजून एक ओळ हवी: टब उघडतो का, बेअरिंग सुटं मिळतं का, पार्ट किती वर्षं मिळणार. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा.

आम्ही टब मागवलाय, महाग पडला तरी. काढलेला जुना टब दारात ठेवलाय, आतला ड्रम अजून नव्यासारखा आहे.

आपली एक वाचक,
श्टुटगार्ट, जर्मनी