घरातली सपरी कुठे गेली?

महोदय,

नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की कूलर, वीजबिल आणि पाणीटंचाई यांची चर्चा दरवर्षी होते. परंतु ज्या घरांत आपण हा उन्हाळा काढतो, त्यांच्या बांधणीविषयी सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

माझे बालपण महाल भागातील कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात गेले. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, समोर सपरी म्हणजे पडवी, मधोमध अंगण. दुपारी आई दारावरची वाळ्याची ताटी भिजवून आम्हांला माजघरात निजवायची आणि रात्री अंगणात बाजा पडायच्या.

इराणमधील यझ्द शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथील जुन्या घरांवर ‘बादगीर’ म्हणजे वरचा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवणारे उंच मनोरे आहेत. अंगणाच्या दक्षिण बाजूच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या खोल्यांत उन्हाळा काढायचा आणि हिवाळ्यात समोरच्या उन्हाच्या खोल्यांत मुक्काम हलवायचा, अशी तेथील वहिवाट होती. एकाच घरात ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. जपानी घरातील ‘एन्गावा’ ही खोली आणि बाग यांच्यामधली लाकडी पडवी तर आपल्या सपरीची सख्खी बहीणच. तिच्यावरचे खोल छप्पर उन्हाळ्याचे चढते ऊन अडवते आणि हिवाळ्याचे कलते ऊन आत येऊ देते.

आपण मात्र ही मधली जागाच काढून टाकली आहे. बेसा भागातील माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेला भिंतभर काच आहे. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिला हात लावता येत नाही आणि भर दिवसा जाड पडदे ओढून दिवे लावावे लागतात. उरलेल्या वीतभर गॅलरीत एसीचे यंत्र बसले असून त्याची झळ तेथे उभे राहू देत नाही.

मातीची घरे पुन्हा बांधावीत, असे माझे म्हणणे नाही; दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचा त्रास मी पाहिला आहे. परंतु नकाशा मंजूर करताना पश्चिमेच्या खिडकीवर पुरेसा रुंद छज्जा आणि बसता येईल अशी सावलीची गॅलरी आहे की नाही, हे महानगरपालिकेने आवर्जून तपासावे. घर घेणाऱ्यांनाही विनंती आहे, की फ्लॅट पाहायला दिवाळीच्या सुमारास न जाता मे महिन्यात, दुपारी चार वाजता जावे.

– एक वाचक, नागपूर