मन्या, दादाच्या हाताबद्दल

प्रिय मन्या,

पाच महिने फोन नाही, मेसेज नाही, रागावला असशील. रागव, पण आधी हे वाच, तुलाच कळेल.

आईचे गुडघे तसेच, मी बरा. दादाची जुलैत बाईक घसरली, उजवं कॉलरबोन मधोमध मोडलं. एक्स-रे काढला, हात झोळीत, घरी. आणि मी म्हणालो, काही होत नाही रे, मन्याचं नाही का आपोआप जुळलं! अजिंक्यताऱ्याच्या उतारावर सायकलवरून आपटलो ते आठवतंय ना? (ब्रेक लागत नव्हते हे मी आधीच सांगितलेलं, आजही तेच म्हणेन.)

पाचव्या आठवड्यात जेवताना त्याच्या हातातून भाकरी सुटली. बोटं खडूसारखी पांढरी, हात गार. त्याआधी आठवडाभर तो सांगत होता की मुंग्या येतात, गार पडतो, आणि मी म्हणायचो पावसाळी हवा आहे. मन्या, हे मला कुणालाच सांगता येत नाहीये.

दवाखान्यात डाव्या हाताचं बीपी १३०, उजव्याचं ९०. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधून हाताची मुख्य धमनी जाते, तिला हाडाच्या टोकानं इजा झालेली. तिथे फुगा झाला, त्यात रक्त साकळलं आणि एक गुठळी सुटून खाली हातात गेली. असं क्वचितच होतं म्हणे. पहिल्या दिवशी त्याची नाडी कुणी बघितलीच नाही, पण डॉक्टर म्हणाले की नाडी लागली असती तरी खात्री नव्हती, आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रक्त पोचवत राहतात. रात्री मोबाईलवर वाचत बसलो तर इंग्लंडचा माजी पंतप्रधान रॉबर्ट पील निघाला, १८५० मध्ये घोड्यावरून पडला, कॉलरबोन मोडलं, तीन दिवसांत गेला, खालची रक्तवाहिनी फुटली असं मानतात. मग कसली झोप!

गुठळी काढली, जांघेतून तार घालून स्टेंट बसवला. हात वाचला. पण तर्जनीचं टोक अजून बधिर आहे. परवा पखवाज पुढे घेऊन बसला, एक थाप मारली आणि गवसणी घालून ठेवून दिला. काही बोलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

नवीन फ्लॅटचं अभिनंदन, चिऊची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

आणि ऐक, तुझ्या हाडावरचं ते टेंगूळ अजून आहे ना? जुळलेलं जाड हाडसुद्धा कधीकधी वर्षांनंतर धमनी दाबतं. हात वर धरला की मुंग्या येतात का, पांढरा पडतो का बघ. येत असतील तर अंगावर काढू नकोस. आणि तसंही दोन्ही हातांचं बीपी घे आणि आकडे मला आजच पाठव.

तुझा,
बंड्या