नुसती सुपारी, तरी तोंडाचा कॅन्सर?

परळ, मुंबई

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. दाजींच्या गालाच्या आतली जखम कॅन्सरची निघाली आणि ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला आणताय, हे वाचून फार वाईट वाटलं. ताईची काय अवस्था झाली असेल ते कळतंय. तू जे जे विचारलंस त्याला नीट उत्तर द्यायला हवं. अशा वेळी घरात जो येतो तो एक कारण सांगून जातो, आणि घरचे लोक त्या कारणांच्या ओझ्याखाली दबून जातात. म्हणून जरा लांबण लावतो, सवडीने वाच.

तुझा पहिला प्रश्न असा, की दाजींनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, बिडी-सिगारेट नाही, दारू नाही, फक्त जेवणानंतर आणि कामात असताना सुपारी. मग त्यांना का? विनू, सुपारीच पुरेशी आहे. फ्रान्समध्ये ल्योंला जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे. तिने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायचं पान आणि नुसती सुपारी या दोन्ही गोष्टी माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकल्या. आपल्याकडे सुपारी पूजेच्या ताटात असते, डोहाळजेवणात असते, पाहुण्यांसमोर तबकात असते, त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. तंबाखू सोडलेली माणसं ‘तोंडात काहीतरी हवं’ म्हणून सुपारीवर येतात आणि आपण सुटलो असं समजतात. माझ्या मते आपल्या राज्यातला हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

आत काय होतं ते सांगतो. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. तोंडाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे सतत बनत असतात आणि जुने विरघळत असतात. अरेकोलिनमुळे ते जास्त बनतात आणि विरघळणं मंदावतं. सुपारीत तांबंही बऱ्यापैकी असतं आणि ज्या एन्झाइममुळे हे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात, त्याला ते तांबं जोर देतं. बरोबर चुना असेल तर तोंडातला अल्कलीपणा वाढतो, अस्तराला बारीक इजा होते आणि पेशींच्या डीएनएला मारक असे ऑक्सिजनचे कण तयार होतात. वर्षानुवर्षं हे चाललं की गाल आतून पांढुरका, ताठर होतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड पुरतं उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यातल्या सात-आठ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही हेही खरं, पण सर्वसाधारण माणसाच्या मानाने हे प्रमाण प्रचंड आहे. ताईला एवढं विचार, दाजींना गेली काही वर्षं मिरचीचा ठेचा झोंबायला लागला होता का, वडापावचा घास घेताना तोंड पुरतं उघडत होतं का. डॉक्टरांना हे सांगायला हवं, कारण तोंड किती उघडतं यावर भूल देताना नळी कशी घालायची हे ठरतं.

जागेचंही तसंच. आजार बहुधा तिथेच उठतो जिथे वस्तू टेकलेली असते. टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्येच आपल्या सहकारी सूर्याबाईंबरोबर ‘धोतराच्या कॅन्सर’वर लिहिलं होतं. धोतराची गाठ कमरेला जिथे वर्षानुवर्षं घट्ट काचते, तिथल्या कातडीवर होणारा तो कॅन्सर. बिहारकडे खैनी खालच्या ओठामागे ठेवतात, तर तिथे ओठाच्या आत होतो. आपल्याकडे गुटखा, मावा, सुपारी गाल आणि खालची हिरडी यांच्या खोबणीत ठेवतात, म्हणून आपला कॅन्सर तिथला. दाजींची जखम नेमकी त्याच खोबणीत आहे असं तू लिहिलंयस. एका माणसाच्या बाबतीत कारण शंभर टक्के छातीठोकपणे सांगता येत नाही, पण इथे शंकेला फार थोडी जागा आहे.

आता लोकांनी सांगितलेली, तू विचारलेली बाकीची कारणं: फवारणीच्या भाज्या, मायक्रोवेव्ह आणि मोबाइल. मायक्रोवेव्हच्या लहरीत डीएनए तोडण्याइतकी ताकदच नसते, त्या फक्त अन्नातलं पाणी तापवतात, तो विषय सोडून दे. मोबाइलबद्दल इतकी वर्षं जी पाहणी चालली आहे ती मुख्यतः मेंदूच्या गाठींबद्दल आहे, गालाच्या आतल्या जखमेशी तिचा संबंध नाही. कीटकनाशकांचं तसं नाही. लिंडेन हे कीटकनाशक २०१५ साली त्याच पहिल्या गटात गेलं. पण तिथला पुरावा लिंफोमाचा आहे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, आणि तो मुख्यतः हाताने ते हाताळणाऱ्या, फवारणाऱ्या लोकांमधला. सांगलीच्या द्राक्षबागांत तोंडाला फडकं न बांधता फवारणाऱ्या मजुराची काळजी जरूर कर. दाजींच्या गालाशी त्याचा संबंध जोडू नकोस.

इथे एक गोष्ट जवळजवळ सगळेच चुकीची वाचतात, वर्तमानपत्रंसुद्धा. हे जे गट आहेत ते पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. पहिल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे, सुपारी आहे, ऊन आहे आणि सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांसही आहे. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा तू मथळ्यात वाचला असशील. १८ टक्के ऐकून पोटात गोळा येतो. पण समज, एखाद्या गटात शंभरातल्या दोघांना आयुष्यात तो आजार व्हायचा असेल, तर १८ टक्के वाढून ते दोनाचे सव्वादोनाहून थोडे जास्त होतात. तंबाखू आणि दारू दोन्ही घेणाऱ्याच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र काही पटींनी वाढतो, आणि दोघांचा एकत्र परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा असतो. कुणी टक्केवारी सांगितली की आधी विचार, ‘कशाच्या अठरा टक्के?’

तुझं ते वाक्य, ‘मुंबईत घराघरात कॅन्सर आहे, टाटासमोरची रांग बघ’. ती रांग मुंबईची नाही, विनू. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, विदर्भ, सगळीकडून माणसं येऊन परळच्या फुटपाथवर आणि धर्मशाळांत राहतात. रांगेवरून शहरातलं प्रमाण कळत नाही, त्यासाठी वेगळी मोजणी लागते आणि ती या शहरात १९६३ पासून चालू आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीची ही नोंदणी डॉ. जस्सावाला यांनी उभी केली, देशातली लोकसंख्येवर आधारलेली ती पहिली. नोंदणीची माणसं शंभराहून जास्त हॉस्पिटलं आणि लॅब यांच्याकडे जाऊन कागद उतरवून आणतात: नाव, वय, पत्ता, मुंबईत किती काळ राहतो, कॅन्सर कुठल्या अवयवाचा, पॅथॉलॉजीचा निष्कर्ष काय, निदानाची तारीख कोणती. वर्षभर तरी इथे राहिलेला माणूसच मोजायचा. एकच बाई आधी केईएमला, मग खासगी लॅबमध्ये, मग टाटात गेली तर ती तीनदा दिसते, तिची एकच नोंद राहील हे जुळवावं लागतं. मग महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी चाळायच्या, कारण काहींचं कॅन्सरचं निदान पहिल्यांदा तिथेच सापडतं. हे किचकट आणि कंटाळवाणं काम आहे, पण ‘वाढलाय, वाढलाय’ या ओरडीतलं खरं किती ते याशिवाय कळत नाही.

त्यातूनच कळतं, की वाढ दिसते तिचा मोठा भाग लोक जास्त जगतात यातून येतो. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार. म्हणून वयाचा फरक काढून टाकून तुलना करतात. तशी केली तर २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात लाखामागे दरवर्षी साधारण १०० नवे रुग्ण येतात आणि अमेरिकेत साडेतीनशेच्या वर. काही आपल्याकडे निदानच होत नाही म्हणून राहून जात असतील, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. मला टोचतो तो दुसरा आकडा. आपल्याकडे वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू. तिनामागे दोन. अमेरिकेत चारामागे एक. आजार आपल्याकडे कमी आहे, पण झालेल्यांतली मरणं जास्त, आणि त्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे आपण उशिरा पोचतो.

मुंबईच्या नोंदणीतली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट पारशी समाजाची आहे. एकच शहर, पण पारशी पुरुषांत तोंडाघशाचे आणि बायकांत गर्भाशयाच्या मुखाचे कॅन्सर कमी, आणि स्तनाचा कॅन्सर इतर समाजांपेक्षा बराच जास्त. धूम्रपान त्यांच्याकडे निषिद्ध, लग्नं उशिरा, मुलं कमी. आता सगळी मुंबईच त्या वाटेने चालली आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर इथे गेल्या काही दशकांत उतरत गेला आणि स्तनाचा वर चढला. प्रत्येक बाळंतपणामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७ टक्के कमी होतो, आणि वर्षभर अंगावर पाजलं तर आणखी सव्वाचार टक्के, असं अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये काढलं होतं. यावरून कुठल्याही बाईला दोष देऊ नये, मुलं किती हा तिचा प्रश्न आहे. फक्त गाठ हाताला लागली तर ‘दुखत नाही ना, मग असू दे’ म्हणून थांबायचं नाही. वहिनींना हे नक्की सांग. न दुखणारी गाठ आधी दाखवायची.

तुझ्या मुलीचं वय आता बारा ना? तिला एचपीव्हीची लस दे. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी हा विषाणू असतो. पुण्याच्या सीरमची लस आता मिळते. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधराच्या पुढे तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे आपल्या देशातल्याच, बार्शीसह अनेक केंद्रांतल्या मुलींवरचा अभ्यास होता. वहिनींनी मात्र तपासणी करून घ्यायची. धाराशिवकडच्या गावांत ३० ते ५९ वयाच्या बायकांची आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केली, तेवढ्यानेच या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. तरी अजून आपल्या बायका या तपासणीला लाजतात आणि आपण पुरुष त्यांना न्यायला विसरतो.

आता भाचा. तो माव्यावर आहे म्हणतोस. राज्यात गुटखा आणि पानमसाला २०१२ पासून बंद आहे, पण मिळतो हे तुलाही ठाऊक आहे. त्याला ओरडू नका, या आठवड्यात तो बापाकडे बघून आधीच हादरलेला असेल. खिडकीपाशी उजेडात बसव, चूळ भरायला लाव. ओठ उलटे करून आतून बघ. मग एकेक गाल बोटाने बाहेर ओढून खालची खोबण शेवटच्या दाढेपर्यंत बघ. जिभेचं टोक रुमालात धरून एकेका बाजूला ओढ आणि दोन्ही कडा बघ, कडाच महत्त्वाच्या. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा बघ. पुसून न जाणारा पांढरा डाग, मखमलीसारखा लाल डाग (हा पांढऱ्यापेक्षा वाईट), बोटाला कडक लागणारी कड, कारण नसताना हलणारा दात, यातलं काही दिसलं तर दाखवायचं. शेवटी त्याच्याच हाताची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांत घालायला सांग. जात नसतील तर सुपारीने काम सुरू केलंय.

दातांच्या डॉक्टरकडे नेलंत तर दोन ठिकाणी गाडी अडते. एक, टोचरा दात घासून दिला तरी दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर पुढे मलम आणि बी-कॉम्प्लेक्सवर महिने घालवायचे नाहीत, तुकडा काढून तपासायचा. दुसरं, जखमेजवळचा हलणारा दात तुकडा न तपासता उपटून टाकायचा नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. सोडायचं कसं हे भाच्याने फोनवरही विचारता येईल, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. सोडल्याने धोका कमी होतो, तंबाखूचा आणि सुपारीचाही, पण फायब्रोसिसचे पट्टे आपोआप विरघळत नाहीत, म्हणून तपासणी चालूच ठेवायची.

राहिलं ऑपरेशन. मानेत गाठ लागत नाही तरी डॉक्टर मानेतल्या ग्रंथी काढायचं म्हणतात, हे ताईला पटत नाहीये. त्याला आधार इथल्याच, टाटामधल्या अभ्यासाचा आहे, २०१५ चा. लहान आकाराच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, आणि गाठ आल्यावर काढू म्हणून थांबले त्यांच्यातले ६७.५ टक्के. तेव्हा तिला सांग, संमती द्यायला हरकत नाही.

येताना बायॉप्सीचा रिपोर्ट तर आणाच, पण सांगलीच्या लॅबमधून स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, इथे परत तपासतात आणि नसले की दिवस वाया जातात. आधार, रेशनकार्ड आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तेही. साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा, स्वतःहून बंद करू नका. आणि दाजींना अजून कुणी ‘तुम्हीच ओढवून घेतलंत’ म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबव. सुपारी वाईट असं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

राहायची सोय झाली नसेल तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
दिलीप